रात्री किनाऱ्यावरून डाइव्ह : जाताना सरळ, येताना वाकडं

सागरगोटी

मंडळी, थोडी लाज गुंडाळून ठेवून धागा काढतेय.

दिवसाच्या साठेक डाइव्ह झाल्यात, बोटीवरून रात्रीच्या दोन. पण बोट नाही, उतरायला दोर नाही, सिलिंडर पाठीवर घेऊन काठावरून चालत पाण्यात शिरायचं आणि चालतच बाहेर यायचं, अशी रात्रीची डाइव्ह परवा पहिल्यांदा केली. पाण्याखालचा वेळ झकास गेला. बाहेर पडायची जागा तेवढी चुकली.

बेत साधा होता. त्याच दुपारी तिथेच एक डाइव्ह करून जागा बघून ठेवली होती. किनाऱ्यावरून २४० अंश धरून वाळूवरून साधारण २०० मीटर गेलं की ११ मीटरवर प्रवाळाची लांब रांग लागते. भरती पूर्ण होऊन पाणी थांबतं ती वेळ धरली. सिलिंडरमध्ये हवेचा दाब २०० बार, १३० ला माघारी वळायचं ठरलेलं. बाहेर पडायच्या जागी एक दिवा लावून ठेवला होता. परतताना ६० अंश लावले आणि परीक्षेला बसल्यासारखी कंपासवर डोळे लावून आले. सुई रेषेवरून ढळू दिली नाही. तरी वाळू संपून गोटे लागले, पाणी पुढेमागे हेलकावायला लागलं. डोकं वर काढून बघते तर आमचा दिवा डावीकडे साठसत्तर मीटर लांब, आणि मधल्या खडकांवर लाटा फुटतायत.

बीसीडी (हवा भरून तरंगायचं जॅकेट) फुगवली, खडकांपासून आत समुद्राकडे सरकलो, वरूनच पोहत दिव्यासमोर आलो आणि बाहेर पडलो. पंधरा मिनिटं गेली, ८० बार शिल्लक होते, कुणाला खरचटलंही नाही. पण मनातून जात नाही. सुई सरळ होती तर मी वाकडी कशी गेले?

दुसरा प्रश्न : सगळा वेळ कंपास बघण्यातच गेला तर मजा कधी करायची?

पाणबुड्या

खडकांकडे रेटत न जाता आत सरकलात आणि वरून पोहत आलात, हे शंभर टक्के बरोबर. किनाऱ्यावरच्या डाइव्हमध्ये माणसं दुखावतात ती बहुतेक शेवटच्या दहा मीटरमध्ये. दमलेली असतात आणि दिसेल तिथून बाहेर पडायची घाई करतात.

कंपासचं नंतर बघू. आधी दिवा. एक दिवा जागा सांगतो, वाट सांगत नाही. दोन लावा. एक पाण्याच्या कडेला, खाली. दुसरा त्याच्या बरोबर मागे, पंधरावीस पावलांवर, उंचावर. समुद्रातून बघताना वरचा दिवा खालच्याच्या नेमका डोक्यावर दिसला की तुम्ही वाटेवर आहात. वरचा डावीकडे सरकलेला दिसला तर तुम्हीही डावीकडे गेला आहात, उजवीकडे या. बंदरात शिरणारी जहाजं याच युक्तीवर चालतात. दोन्ही दिवे वेगळ्या रंगाचे किंवा एक लुकलुकता असू द्या, म्हणजे कुणाच्या घराच्या दिव्याशी गल्लत होत नाही. शक्य असेल तर किनाऱ्यावर एक माणूस बसवा. दिवा विझला तर तो पुन्हा लावतो, आणि तुम्ही ठरल्या वेळेला आला नाहीत तर हातपाय हलवतो.

लाटा फुटतात त्याच्या बाहेरच, पाणी तीनचार मीटर खोल असतानाच एकदा वर येऊन दिवे जुळवून घ्यायचे. मग खाली जा नाहीतर वरून पोहा.

शंकासुर

माझी नेहमीची शंका. कंपास फक्त तोंड कुठे आहे ते सांगतो, तुम्ही कुठे चाललात ते नाही. कडेने प्रवाह असेल तर तोंड ६० अंशांवर ठेवूनही माणूस तिरका वाहत जातो, आणि अंधारात ते कळतही नाही. प्रवाह होता का? आणि अंतराचा अंदाज यावा म्हणून किक (पायाचे फटके) मोजल्या होत्या का?

सागरगोटी

@शंकासुर, प्रवाह नव्हता. परतताना वाळूवरचं गवत सरळ उभं होतं, टॉर्चच्या उजेडात उडणारा गाळ जागेवरच तरंगत होता. किक मोजल्या नाहीत, कबूल.

@पाणबुड्या, दोन दिव्यांचं आजच वहीत उतरवलं.

निशाचर

पाणबुड्या यांना +१. एक भर : वाळूवरच्या लाटांच्या वळ्या बहुतेक ठिकाणी किनाऱ्याला समांतर असतात. त्या आडव्या कापत आणि उथळ होत चाललात तर किनाऱ्याकडेच जात असता. एकदा का वळ्यांना समांतर पोहायला लागलात की समजा, किनारा बगलेला आहे. शिवाय खोली हीच सगळ्यात भरवशाची खूण. मी जाताना प्रवाळाच्या कडेने ११ मीटरवर जातो, येताना त्याच कडेने ७ मीटरवर येतो. जाताना ती कड ज्या हाताला होती त्याच्या उलट हाताला येताना राहिली की रस्ता चुकायला वावच नाही. उघड्या वाळूवर मात्र कंपासशिवाय गत्यंतर नाही.

जुनाखलाशी

सागरगोटी, एकच प्रश्न. टॉर्च कुठल्या हातात होता आणि कंपास कुठल्या? परतताना कंपासवर उजेड कसा पाडत होतात?

सागरगोटी

काका, कंपास डाव्या मनगटावर, टॉर्च उजव्या हातात. जाताना बडी (डाइव्हचा जोडीदार) शेजारून पोहत होता आणि त्याच्याच टॉर्चच्या उजेडात मला आकडे दिसत होते. दुपारच्या डाइव्हला कपारी बघताना त्याने तोच टॉर्च वापरला होता, मधे चार्जिंग नाही. वळायच्या सुमारास तो मंदावला आणि त्याने छोटा राखीव टॉर्च काढला. त्यामुळे येताना मीच माझा टॉर्च कंपासला चिकटवून धरत होते.

जुनाखलाशी

मग घरी एक करा. कंपास टेबलावर सपाट ठेवा, सुई थांबू द्या. टॉर्च उजवीकडून हळूहळू जवळ आणा. काय होतं ते इथे लिहा.

सागरगोटी

काका, दंडवत!

टेबलावर कंपास ठेवला, उत्तर रेषेवर लावला. टॉर्च हातभर लांब, काही नाही. एक वीत अंतरावर आणला तर सुई जराशी थरथरली. चार बोटांवर आणला आणि सुई अशी आली टॉर्चकडे, मांजर दुधाकडे येतं तशी. वीस अंशांपेक्षा जास्त. टॉर्चचं गोल बटण फिरवलं तर सुईपण डोलली. टॉर्च बंद होता, हे विशेष. दोघं मिळून अर्धा तास हाच खेळ करत बसलो.

जुनाखलाशी

तुमच्या टॉर्चचं बटण चुंबकाचं आहे. पाणी आत शिरू नये म्हणून बऱ्याच डाइव्ह टॉर्चमध्ये बाहेरच्या कड्यात चुंबक बसवतात. तो आतल्या स्विचला भिंतीपलीकडून ढकलतो, म्हणून डब्याला भोक पाडावं लागत नाही. युक्ती उत्तम, पण कंपासजवळ नेलं की कंपास उत्तरेऐवजी टॉर्चची पूजा करायला लागतो. सुई वीस अंश उजवीकडे ओढली गेली, तुम्ही रेषा जुळवायला तेवढ्याच उजवीकडे वळलात. २०० मीटरला वीस अंश म्हणजे बाजूला साधारण ६८ मीटर. साठसत्तर तुम्हीच लिहिलं होतंत. दिवा डावीकडे दिसला हेही जुळतं.

बोटभर लोखंड चुकीच्या जागी ठेवलं की आख्खं जहाज वाट सोडतं, म्हणून सुकाणूजवळ कुणाला खिशात चाकू घेऊन उभं राहू देत नसत.

शंकासुर

पुन्हा शंका. समजा जाताना पण टॉर्च तसाच चिकटवून धरला असता, तर दोन्हीकडे सारखीच चूक झाली असती आणि माणूस आपोआप जागेवर आला असता. मग चूक न करण्यापेक्षा दोनदा केलेली बरी?

जुनाखलाशी

हा हा. नाही हो. टॉर्च तुमच्या हातात आहे, तुमच्याबरोबर फिरतो. उत्तर मात्र जागेवरच असते. तुम्ही पाठ फिरवलीत की चुंबक उत्तरेच्या दुसऱ्या बाजूला जातो आणि ओढही उलटी होते. जाताना सुई दहा अंश उजवीकडे खेचत असेल तर येताना तेवढीच डावीकडे. म्हणजे चुका फिटत नाहीत, एकमेकीत मिळतात. जहाजावर याला डेव्हिएशन म्हणतात, आणि प्रत्येक दिशेचं वेगळं कोष्टक भिंतीला लावलेलं असतं. डाइव्हला कोष्टक नको, टॉर्च हातभर लांब धरा, बास. डायलवरचा चमकणारा रंग आधी दोनचार सेकंद उजेडात धरला तर नंतर टॉर्चशिवायही काही वेळ वाचता येतो.

पाणबुड्या

काकांमुळे मीही माझे तीन टॉर्च तपासले. दोनांनी सुई हलवली. इतकी वर्षं विद्यार्थ्यांना कंपास शिकवतोय, स्टीलचं सिलिंडर आणि बडीचा कंपास यांपासून लांब राहा म्हणून घसा कोरडा करतो, टॉर्चचं कधी मनातही आलं नाही. आता पहिल्या पाठात टाकणार.

काठावरचा

मी पोहतो, डाइव्ह करत नाही. गेले तीन दिवस हा धागा रहस्यकथेसारखा वाचतोय. एक बाळबोध प्रश्न : काळोखात खाली काय नि वर काय, कसं कळतं? आणि भीती वाटत नाही?

निशाचर

प्रश्न बाळबोध मुळीच नाही. तळ दिसत नसेल तर भलेभले गरगरतात. बुडबुड्यांवर टॉर्च मारायचा, ते जातात ती वर. मास्कमध्ये थेंबभर पाणी असेल तर ते साचतं ती खाली. किनाऱ्यावरच्या डाइव्हचा हाच मोठा फायदा आहे की तळ कधी हातातून सुटत नाही. उतारावरून खाली जायचं, उतारावरूनच वर यायचं. ५ मीटरवरचा तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉपसुद्धा (वर यायच्या आधीचा सुरक्षेचा थांबा) मी वाळूवर फिरत, खेकडे बघत करतो. बोटीवरून उतरलेला बिचारा तो वेळ काळ्या पोकळीत लटकून काढतो.

भीतीचं म्हणाल तर ती वाटते आणि वाटावी. शिरायच्या आधी पाच मिनिटं, अंधुक उजेडात गुडघाभर पाण्यात उभं असताना. त्यासाठी पहिल्या काही डाइव्ह संधिप्रकाशात शिरून कराव्यात. अंधार आपल्याबरोबर हळूहळू खाली उतरतो, अंगावर पडत नाही. पाण्याखाली गेल्यावर जग टॉर्चच्या झोताएवढं होतं आणि त्यात एवढं काही चाललेलं असतं की भ्यायला सवड मिळत नाही.

शिरताना पाय उचलून टाकू नका, घासत चला. वाळूत पाकट पुरलेली असते, घासलेल्या पायाची चाहूल लागली की ती उठून जाते. मास्क डोळ्यावर, रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा घ्यायची नळी) तोंडात, बीसीडीत थोडी हवा, हे सगळं पाणी गुडघ्यावर यायच्या आधी. लाट बसून पडलात तरी श्वास चालू राहतो.

माकुलप्रेमी

धागा वाचनखुणेत साठवला. आता दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी बघणार का? मजेच्या!

सागरगोटी, अंतर विसरा. माझी सगळ्यात चांगली रात्रीची डाइव्ह ५० मिनिटांची होती आणि आम्ही चाळीस मीटरसुद्धा गेलो नव्हतो. लांब न जाण्याचा दुहेरी फायदा : परतीचा प्रश्न लहान होतो आणि दिसतं जास्त. एका खडकाजवळ थांबा, टॉर्चचा झोत खडकाच्या बाजूला टाका, अंगावर नको. डोळे कडेच्या मंद उजेडात ठेवा आणि वाट बघा.

आधी कोळंब्यांचे डोळे दिसतात. कपारीत विझत्या निखाऱ्यांसारखे लालकेशरी ठिपके, जोडी जोडीने. मग कळतं की दुपारी दगडासारखं दिसणारं प्रवाळ आता केसाळ झालंय. प्रत्येक छिद्रातून पॉलिप, म्हणजे प्रवाळाचे इवले जीव, बाहेर आलेत आणि प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) टिपतायत. झोत सरळ धरून ठेवलात तर ते हळूच मिटतात. पोपटमासा कपारीत आडवा झोपलेला असतो. काही जातींचे पोपटमासे झोपताना तोंडातून चिकट द्राव सोडून स्वतःभोवती पारदर्शक पिशवी विणतात, परजीवी किडे चावू नयेत म्हणून. मच्छरदाणीच ती. तिच्यावर गाळाचे कण बसलेले असतात आणि आत मासा गिल हलवत पडलेला. फिनचा एक फटका बसला तर मच्छरदाणी फाटते, तेव्हा तिथे पोहू नका, तरंगा.

रंगांबद्दलही सांगते. दिवसा पहिल्या काही मीटरमध्येच पाणी लाल रंग गिळतं, म्हणून ११ मीटरवर सगळं निळंहिरवं. रात्री मात्र उजेड तुमच्या हातातूनच निघतो आणि हातभर अंतरावरून परततो. लाल लालच दिसतो. रात्री प्रवाळ जास्त रंगीत दिसतं ते यामुळे, कल्पनेमुळे नाही.

एक तक्रार पण आहे. टॉर्चचा झोत एखाद्या माशावर धरून ठेवू नका. लायनफिश हे शिकलेले आहेत, तुमच्या मांडीमागे लपून उजेडाने भांबावलेला मासा गट्टम करतात. बघणाऱ्याला थरार वाटतो, पण ती शिकार आपण करून दिलेली असते.

निशाचर

म्हणूनच मी लाल झोताचा टॉर्च वापरतो. बऱ्याच प्राण्यांना लाल फारसा दिसत नाही, ते आपापलं काम करत राहतात.

माकुलप्रेमी

आणि बडीलाही तुम्ही दिसत नाही. बघायला लाल वापरा, पण पोहायला आणि खुणा करायला पांढराच हवा. मोठ्या प्रकाशाची हौसही नको. गढूळ पाण्यात प्रखर, रुंद झोत म्हणजे धुक्यात गाडीचे हेडलाइट.

पाणबुड्या

पांढऱ्याला माझंही मत. रात्री टॉर्च ही जीभ असते. तळावर संथ गोल फिरवला म्हणजे सगळं ठीक. आडवा सावकाश हलवला म्हणजे इकडे बघ. झपाझप हलवला म्हणजे अडचण, लगेच ये. हाताची खूण करायची असेल तर झोत स्वतःच्या हातावर पाडा. बडीच्या डोळ्यात मारलात तर पुढची कितीतरी मिनिटं त्याला काही दिसणार नाही, अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटं लागतात.

बडी हरवला तर टॉर्च छातीशी दाबून झाका आणि जागेवर एक पूर्ण गिरकी घ्या. त्याचा उजेड दिसेल. मिनिटभरात नाही दिसला तर दोघांनीही वर यायचं, हे काठावरच ठरवून ठेवायचं. प्रत्येकाकडे दोन टॉर्च, सिलिंडरच्या मानेला एक छोटा दिवा. आणि त्या बडीला सांगा, रात्रीचा टॉर्च दुपारी वापरायचा नाही.

माकुलप्रेमी

टॉर्च छातीशी दाबायचं निघालंच आहे तर : ते बडी हरवायच्या आधीच एकदा करून बघा. दोघांनी वाळूवर गुडघे टेकायचे, खाली प्रवाळ नाही याची खात्री करून, आणि टॉर्च झाकायचे. पहिलं अर्धं मिनिट नुसता काळोख. मग हात हलवा. प्लवक असेल तर बोटांमागून हिरवीनिळी ठिणगी उठते. नॉक्टिल्यूकासारखे एकपेशी जीव हलवल्यावर चमकतात.

अवांतर : जपानी किनाऱ्यांवर उमिहोतारु, म्हणजे समुद्रातला काजवा, नावाचा तिळाएवढा कवचधारी जीव आहे. तो पाण्यात निळा प्रकाश सोडतो. ओसामु शिमोमुरा या जपानी शास्त्रज्ञाने १९५६ साली त्याच्या ल्युसिफेरिनचे, म्हणजे प्रकाश देणाऱ्या द्रव्याचे, स्फटिक मिळवले. पुढे २००८ चं नोबेल त्यांना मिळालं, पण ते जेलीफिशमधल्या हिरव्या प्रथिनासाठी.

काठावरचा

आता मला कोर्स लावायलाच लागणार बहुतेक.

सागरगोटी

तीन आठवड्यांनी धागा वर आणतेय. काल पुन्हा गेलो. तीच जागा, तोच बडी, टॉर्च चार्ज केलेला.

दोन दिवे लावले, खालचा हिरवा, वरचा पांढरा. एक मैत्रीण वर थांबली. दिवस पुरता मावळायच्या आत शिरलो. अंतर निम्मं केलं, वाळूच्या मधे एक एकटा खडक आहे तिथवरच गेलो. साधारण १०० मीटर, खोली ८. कंपास डाव्या हातावर, टॉर्च उजवा हात पूर्ण लांब करून.

खडकापाशी थांबलो. निखारे दिसले! मोजायला लागले आणि बावीसला सोडून दिले. मग एका ठिकाणची वाळू मला वाळूपेक्षा जास्तच नीटनेटकी वाटली. बघत राहिले तर तिला डोळा होता. माकुल. अंगावरून रंगाच्या लाटा सरकवत ती मागे मागे गेली, झोत बाजूला केल्यावर थांबली, आणि आम्ही एकमेकींकडे किती वेळ बघत होतो कोण जाणे. बडीने गेज पुढे केला तेव्हा भानावर आले. १२५ बार.

निघायच्या आधी टॉर्च झाकले. पहिल्यांदा काहीच नाही. मग बडीने श्वास सोडला आणि बुडबुड्यांचा झुबका अंधुक हिरवा होत वर गेला. मी रेग्युलेटर तोंडात असतानाच ओरडले, असं तो म्हणतो.

परतताना ३ मीटरवर डोकं वर काढलं. पांढरा दिवा हिरव्यापेक्षा किंचित उजवीकडे. डावीकडे आठदहा किक, आणि पांढरा हिरव्याच्या डोक्यावर येऊन बसला. त्या रेषेवरून सरळ किनाऱ्याकडे आलो. कंबरभर पाण्यात फिन काढले आणि पाय घासत वर.

@शंकासुर, किक मोजल्या. जाताना ९६, येताना ९१. त्या पाच कुठे गेल्या ते विचारू नका.

शंकासुर

त्या आठदहा मोजल्यात का?